गाडीबद्दल फोनवर न सांगितलेलं

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "गाडी कशी चाललीय गं?" मी "मस्त" म्हणाले आणि विषय बाबांच्या गुडघ्यावर नेला. फोन ठेवताना तू नुसतं "बरं" म्हणालीस, ते तेव्हापासून मनात खुटखुटतंय. फोनवर अर्धवट सांगितलं असतं तर तुम्ही दोघं रात्रभर काळजी करत बसला असता, म्हणून सगळं नीट लिहूनच कळवते. ही जुनी गाडी घेऊन दोन महिने झाले. त्यातले जवळजवळ तीन आठवडे ती गॅरेजमध्ये होती.

तिसऱ्याच दिवशी सकाळी सेल्फ मारला तर नुसतं टक-टक. शेजाऱ्यांच्या गाडीवरून वायर लावून कशीबशी सुरू केली. पहिल्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं न उघडलं तोच सांगितलं, बॅटरी गेली. बॅटरी खरोखरच जुनी होती, त्यामुळे बदलली. मग गाडी तीन दिवस उभी राहिली आणि चौथ्या दिवशी पुन्हा तेच. आता तो म्हणाला, डायनॅमो गेला, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग. तिथे मी थांबले. बाबा, स्कूटर बंद पडली की तुम्ही आधी प्लग काढून त्याचा रंग बघायचात, त्याशिवाय कार्बोरेटरला कुणाला हात लावू द्यायचा नाहीत. मी त्याला विचारलं, डायनॅमो गेलाय हे कशावरून? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मी गाडी तिथून काढली.

दुसऱ्या मेकॅनिकने पहिल्यांदा काय विचारलं, तर गाडी किती दिवस उभी होती. मग मीटर लावला. इंजिन बंद असताना पूर्ण चार्ज झालेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन सुरू केल्यावर डायनॅमो नीट असेल तर आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान जातो. माझा १४.१ आला, म्हणजे डायनॅमोला काहीही झालं नव्हतं. मग त्याने किल्ली काढली, दारं लावली आणि अर्धा तास नुसती वाट बघितली, कारण गाडीतले छोटे कॉम्प्युटर बंद केल्यावरही बराच वेळ जागे असतात. त्यानंतर बॅटरीची मायनसची वायर सोडवून मध्ये मीटर जोडला. उभ्या गाडीने ५० मिलिॲम्पियरच्या आत वीज खायला हवी. माझी ४०० खात होती. दिवसाला साडेनऊ ॲम्पियर-तास जातात, असा हिशेब मी तिथेच मांडला. बॅटरी ४५ ची. तीन दिवसांत अर्ध्याहून जास्त रिकामी होणारच.

मग एकेक फ्यूज काढून बघितला. कुठलाही फ्यूज काढला तरी आकडा हलेना. मला वाटलं, झालं, आता काही सापडत नाही. पण त्याला नेमकं त्यावरूनच कळलं. वीज फ्यूजबॉक्समधून जातच नव्हती. बॅटरीच्या प्लसवरून एक जाड वायर थेट आत गेली होती, कार्पेटखालून पुढच्या सीटखाली. आधीच्या मालकाने मोठी म्युझिक सिस्टीम बसवली होती. विकताना स्पीकर काढून घेतले, ॲम्प्लिफायर मात्र तिथेच राहिला होता आणि अहोरात्र गरम होत होता. त्या वायरला मध्ये कुठेही फ्यूज नव्हता. ती कुठे सोलवटून पत्र्याला टेकली असती तर अख्ख्या बॅटरीचा प्रवाह तिच्यातून गेला असता आणि कार्पेटने पेट घेतला असता. गाडी बंद पडल्याचं मला एवढं वाटलं नाही, पण ती वायर हातात घेऊन बघितली तेव्हा पोटात गोळा आला. ती काढल्यावर आकडा २८ वर आला. तेव्हापासून गाडी एकदाही सुरू व्हायला अडली नाही.

त्यानंतर काटा. मोकळ्या रस्त्यावर इंजिनाच्या तापमानाचा काटा मधोमध असायचा आणि ट्रॅफिकमध्ये अडकले की चढायला लागायचा. पुन्हा वेग घेतला की खाली. एकदा तो लाल पट्टीजवळ गेला तेव्हा मी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं आणि पाऊण तास बॉनेटला हात लावला नाही. बाबा, तुम्ही लहानपणी मला रेडिएटरचं झाकण उघडू नको म्हणून ओरडला होतात, तेव्हा कारण सांगितलं नव्हतंत. ते आता कळलं. झाकण आतला दाब धरून ठेवतं. साधं पाणी १०० अंशांना उकळतं, पण बाहेरच्या हवेपेक्षा एक बारने जास्त दाब असला की १२० पर्यंत उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो आणि तेच पाणी त्या क्षणी वाफ होऊन तोंडावर येतं.

वेगात असताना समोरून हवा लागते म्हणून रेडिएटर थंड राहतो. उभ्या गाडीत ते काम पंख्याचं, आणि पंखा फिरत नव्हता. पंख्याला वीज देणारा स्विच, म्हणजे रिले, जळला होता. एवढंच असतं तर तासाभराचं काम. पण टाकीत बघितलं तर कूलंटच्या जागी नुसतं पाणी, चहासारखं तपकिरी. कुणीतरी वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतत होतं. कूलंट फक्त थंडीत गोठू नये म्हणून असतं असं मलाही वाटायचं. त्यात गंज रोखणारी द्रव्यंही असतात, आणि ती नसतील तर इंजिन आतून गंजत जातं. सगळं धुऊन काढायला दोन दिवस लागले. गंजाच्या गाळाने थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानाप्रमाणे कूलंटची वाट उघडणारा भाग, अर्धवट अडकला होता, तोही बदलला. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ झालेलं नव्हतं हे बघून मेकॅनिकने मान हलवली, आणि माझा जीव भांड्यात पडला. पाणी ऑइलमध्ये गेलं असतं तर इंजिन उघडावं लागलं असतं.

आता तुम्ही विचाराल, घेताना हे दिसलं नाही का. मी बघितलं ते रंग, सीट, एसी. आणि मी पोचले तेव्हा इंजिन आधीच गरम होतं. "तुम्ही येणार म्हणून जरा फिरवून आणली," असं गाडी विकणारे म्हणाले होते आणि मला ते आपुलकीचं वाटलं होतं. गरम इंजिन सहज सुरू होतं. थंड इंजिनाच्या तक्रारी त्यात झाकून जातात. कुणीही जुनी गाडी बघायला निघालं तर मी हेच सांगेन, की आधी बॉनेटला हात लावून बघा, आणि ते गरम लागलं तर परत जा, दुसऱ्या दिवशी सकाळी या. त्या माणसाने मुद्दाम फसवलं असं मी म्हणत नाही. "कधी त्रास दिला नाही," हे त्यांचं म्हणणं कदाचित खरंही असेल. त्रास दिला नाही म्हणून त्यांनी कधी आत बघितलं नाही.

सर्व्हिसचं पुस्तक पहिल्या चार पानांनंतर कोरं आहे. मला सगळ्यात जास्त त्रास त्या कोऱ्या पानांचा झाला. इंजिनातल्या व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारा टायमिंग बेल्ट बदलला होता की नव्हता, कुणाला माहीत नाही. माझ्या इंजिनात तो बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन संपतं. बेल्ट बाहेरून बघून त्याचं वय सांगता येत नाही. लिहिलेलं नाही म्हणजे केलेलं नाही असंच धरायचं, असं मी ठरवलं आणि बेल्ट बदलला. वॉटर पंप त्याच बेल्टवर चालतो, तोही त्याच वेळी घातला, नाहीतर पुढे पंपासाठी तेच सगळं पुन्हा खोलावं लागलं असतं. इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलले हे वेगळं सांगायला नको.

ब्रेक ऑइल मात्र सांगायला हवं. ते हवेतली ओल शोषून घेतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. डॉट ४ प्रकारचं नवं ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल धरलेलं १५५ च्या आसपास उकळू शकतं. लांब उतारावर ब्रेक तापले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पायाखाली थेट खाली जातं. माझ्या गाडीतलं काळं झालं होतं.

टायरांची नक्षी छान होती. पण टायरच्या कडेला अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दोन टायरांवर २३१६ होतं, म्हणजे २०१६ सालातला तेविसावा आठवडा. रबर कडक झालेलं, कडेला बारीक चिरा. ते दोन बदलले. स्टेपनीसुद्धा त्याच वयाची निघाली, तीही बदलली.

आता तुम्ही गेले दोन महिने जे विचारताय त्याचं उत्तर. गाडी घेऊन मी अजून आले नाही, ते सुट्टी नाही म्हणून नव्हे. नवे टायर घातल्यावरही पुढच्या डाव्या बाजूने एक घुमणारा आवाज येतो, वेगाबरोबर वाढणारा. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर येतो, तेव्हा तो मोठा होतो. डावीकडे वळताना जवळजवळ बंद. चाकाचं बेअरिंग गेलंय. जॅकवर उचलून चाक हलवलं तर हाताला ढिलेपणा लागतो. पार्ट मागवलाय, पुढच्या आठवड्यात बसेल. तोवर मी ती फक्त ऑफिसपर्यंत, हळू नेते. बेअरिंग बसल्यावर आठवडाभर एकटी चालवणार आणि मगच तुम्हाला बसवणार. यावर मला समजावू नका.

बाबा, तुम्ही स्कूटरच्या डिकीत ठेवायचात तशी एक वही मी केली आहे. तारीख, किलोमीटर, काय केलं, कुणी केलं. पहिल्या पानावर ४०० आणि २८ हे दोन आकडे लिहिलेत. तुम्ही प्रत्येक वेळच्या पेट्रोलचे लिटर लिहायचात, ते मला तेव्हा उगाच वाटायचं. आता मीही लिहिते. गेल्या तीन वेळांत ॲव्हरेज थोडं वाढलंय.

आणि आई, मागच्या डाव्या सीटचा पट्टा तपासला. झटका देऊन ओढला तर अडकायला हवा होता, तो सरळ हातात येत गेला. दुरुस्त होतो का असं विचारलं तर मेकॅनिक म्हणाला, पट्ट्याच्या बाबतीत दुरुस्ती नको. पूर्ण नवा बसवून घेतला आणि चार वेळा झटका देऊन बघितला, चारही वेळा अडकला. तुझी बसायची जागा तीच, खिडकीची. मागे बसल्यावर कशाला पट्टा, असं म्हणायचं नाही.

बाबांच्या गुडघ्याचं काय म्हणाले डॉक्टर, ते लिही किंवा फोन कर. पुढची सीट किती मागे सरकते ते मी मोजून ठेवते.

तुमची,
लेक