गोळीचा खाडा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातली. चौदा हंगाम ऊस तोडला, आता गावात शिवणकाम करते. मला एचआयव्ही आहे. नाव लिहीत नाही. लेकीच्या सोयरिकीची बोलणी चालू आहेत, एवढ्यावरून काय ते समजून घ्यावं.

२०११ ला फडात पहिल्यांदा शरीर बोललं. तोंडात दह्यासारखा पांढरा थर आला, भाकरी गिळवेना. मग कमरेला नागीण उठली. मानेत गाठी आल्या, तो टीबी निघाला. मोळी घेऊन गाडीच्या फळीवर चढताना पाय लटपटायचे आणि मुकादम म्हणायचा, बाई कामचुकार झाली. वजन ३६ किलोवर आलं होतं. रक्त तपासलं तर सीडी-४ पेशी ८६. निरोगी माणसात त्या साधारण ५०० ते १५०० असतात. २०० च्या खाली गेल्या की एड्स म्हणतात.

समुपदेशक ताई सांगायच्या, या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक. मला ते तेव्हा पटलं नव्हतं. सैनिक मारला तर दुसरा भरती करता येतो. पुढे कळलं ते जास्त वाईट आहे. विषाणू राखणदाराच्याच घरात शिरतो आणि त्याच्याच भांडवलावर स्वतःची पिलावळ काढतो. काही पेशींच्या गुणसूत्रात तर तो गुपचूप दडून राहतो. गोळी त्याची वाढ थांबवते, दडलेल्याला हुसकावत नाही. म्हणून गोळी जन्मभर.

त्या गोळीनंच मी उभी राहिले, हे आधी सांगते. २००४ पासून सरकार ही औषधं फुकट देतं, २०१७ पासून तर सीडी-४ कितीही असो, लगेच सुरू करतं. आता रोज एकच गोळी. ती नेमानं घेऊन विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला होत नाही.

पण आमच्याकडे 'खाडा' हा शब्द आहे. एक दिवस कामावर नाही गेलं की उचलीत, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशांत, तेवढे पैसे चढतात. गोळीचाही खाडा असतो, तो रक्तात चढतो. एका हंगामात मला एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्रातून महिन्याच्याच गोळ्या मिळाल्या. टोळी कर्नाटकात. आमच्यात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता; मी परत यायचं तर अख्खा कोयता बंद. तीन आठवडे गोळी नव्हती. पुढच्या तपासणीत विषाणू हजारांत. खाडे वाढले तर तो त्या औषधाला दादही देईनासा होतो.

आणि फडाजवळच्या कोपीत, आमच्या झोपडीत, काही लपत नाही. गोळ्यांची बाटली वाजू नये म्हणून मी तिच्यात कापूस कोंबून ती पिठाच्या डब्यात पुरायचे. दर महिन्याला 'कुठं चाललीस?' या प्रश्नाला नवीन खोटं कुठून आणायचं?

तब्येत स्थिर असलेल्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देता येतात, ही सोय राष्ट्रीय सूचनांमध्ये आहेच. ती ऊसतोड कामगारांना न मागता मिळावी. हंगाम पाच-सहा महिन्यांचा. उरलेल्या गोळ्या कारखान्याजवळच्या केंद्रातून मिळाव्यात, कर्नाटकातला कारखाना असला तरी. निघण्याआधी टीबीची तपासणीही व्हावी. माझ्या गाठी फडातच वाढल्या होत्या.

दसरा झाला की टोळ्या हलतात. आदेश त्याआधी निघायला हवा.

आपली,
बीड जिल्ह्यातली एक ऊसतोड बाई