निरोध हा गुन्ह्याचा पुरावा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

देहविक्रय करणाऱ्या महिलांच्या वस्तीवरील छाप्याच्या कालच्या बातमीत जप्त मालाच्या यादीत रोकड आणि मोबाइलच्या जोडीने निरोधची (कंडोमची) पाकिटेही आहेत, हे वाचून संताप आला. हेच निरोध शासन नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) प्रकल्पांमार्फत या महिलांना मोफत पुरवते. देहविक्रय करणाऱ्या महिलेला वा तिच्या गिऱ्हाइकाला निरोध पुरवणे किंवा त्यांनी तो वापरणे यासाठी कोणावरही फौजदारी कारवाई करता येत नाही, हे एचआयव्ही-एड्स कायदा, 2017 च्या कलम 22 मध्ये उदाहरणासह दिले आहे. सर्वोच्च न्यायालयानेही 19 मे 2022 च्या आदेशात निरोध गुन्ह्याचा पुरावा मानू नये, असे बजावले आहे.

मी अशाच एका प्रकल्पात समुपदेशक होते. एका छाप्याच्या पंचनाम्यात निरोध नोंदवले गेले आणि घरवालीने (कुंटणखाना चालवणाऱ्या बाईने) खोल्यांतले सगळे बॉक्स त्याच रात्री फेकून दिले. आमच्या पीअर ताईंना, म्हणजे याच महिलांमधून निवडलेल्या, निरोध वाटणाऱ्या कार्यकर्त्यांना, दारातूनच परत पाठवले जाऊ लागले. ज्या बायका पूर्वी मूठभर पाकिटे हक्काने मागून घेत, त्या म्हणत, "एकच द्या ताई, पोलीस आले तर लपवता येईल." एका निरोधात एकच गिऱ्हाईक होते, त्यानंतरच्याला नाही म्हणण्याची सोय कर्जात बुडालेल्या बाईला नसते, आणि जादा पैसे देऊन विनानिरोध संबंध मागणारे नेहमीच असतात. दर तीन महिन्यांच्या गुप्तरोग तपासणीलाही बायका येईनाशा झाल्या. त्यांतल्या एकीची सहामाही एचआयव्ही चाचणी पुढे पॉझिटिव्ह आली. लागण नेमकी कधी झाली हे सांगता येणार नाही, पण त्या महिन्यांत तिच्या खोलीत निरोध नव्हता, हे मला ठाऊक आहे. देशातील प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण 0.2 टक्क्यांच्या आसपास असताना या महिलांमध्ये ते त्याच्या कितीतरी पट आहे, आणि ते आणखी वाढू नये म्हणून जे हाताशी आहे तेच आपण जप्त करतो.

आणखी एक. बातमीसोबतच्या छायाचित्रात ओढणीआडूनही दोघींचे चेहरे ओळखू येतात. छाप्यातील महिलांची ओळख उघड होऊ देऊ नये, अशी प्रसारमाध्यमांविषयीची स्पष्ट सूचना सर्वोच्च न्यायालयाच्या त्याच आदेशात आहे. ते छायाचित्र आपल्या संकेतस्थळावरून आजच काढावे, आणि निरोध कोणत्या आधारावर जप्त केले, हे आपल्या वार्ताहराने संबंधित पोलीस अधिकाऱ्यांना विचारून त्यांचे उत्तर छापावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त समुपदेशक