तक्त्यातला सगळ्यात स्वस्त कांदा

कोपरखैरणे, नवी मुंबई
ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आई आणि बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता, त्यात चिनू फोन ओढून घेतो, आणि बाबांनी विचारलेलं दर वेळी राहून जातं. म्हणून आज सावकाश लिहायला बसले. मामा रविवारी गावाकडे निघतायत, त्यांच्याजवळ हे पत्र देते. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, चष्मा सापडला नाही ही सबब चालणार नाही.

बाबा, तुम्ही पाठवलेला तो भावांचा तक्ता नीट पाहिला. भारत, पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका. पीठ, साखर, तेल, टोमॅटो, कांदा. प्रत्येक ओळीत आपणच स्वस्त, आणि खाली लाल अक्षरांत 'अभिमान असेल तर पुढे पाठवा'. तुम्ही तो पारावर सगळ्यांना वाचून दाखवलात, हे आईने लगेच कळवलं. वर मला विचारलंत, "खरं आहे का गं हे?" न्हावाशेव्याच्या बंदरातून माल परदेशी पाठवायचे कागद करण्यात माझा दिवस जातो, तेव्हा योग्य ठिकाणी विचारलंत. थोडं खरं आहे, बरंचसं घोळ घातलेलं आहे. आणि कांद्याच्या ओळीबद्दल माझं तुमच्याशी भांडण आहे, पण ते शेवटी.

पहिला घोळ असा की तक्ता करणाऱ्याने सगळ्यांचे रुपये एकच धरलेत. आपल्या एका रुपयाला पाकिस्तानचे साधारण सव्वातीन रुपये येतात, श्रीलंकेचे साडेतीनच्या आसपास, बांगलादेशचा टका सव्वा ते दीडच्या मधे. नेपाळचा हिशोब सगळ्यात सोपा, आपल्या शंभराला त्यांचे एकशे साठ. हा दर १९९३ पासून हललेला नाही. भूतानचं चलन तर आपल्या रुपयाला बरोबरीनं बांधलेलं. आता तक्त्यात श्रीलंकेची साखर '२४० रुपये' लिहिली आहे. वाचणाऱ्याला घाम फुटतो. साडेतीनने भागा, सत्तरच्या आत येते. तरी आपल्यापेक्षा महागच, पण पारावरच्या मंडळींनी जी तोंडं वासली असतील तेवढी नाही.

आणि ती महाग का, हेही तक्त्यात नाही. श्रीलंका बाहेरून येणाऱ्या साखर, कांदा, बटाट्यावर किलोमागे कर लावते आणि तो हवा तेव्हा वरखाली करते. २०२३ च्या नोव्हेंबरात साखरेवरचा कर किलोला २५ सेंटांवरून एकदम ५० रुपयांवर नेला. पंचवीस पैशांचे पन्नास रुपये! कोलंबोच्या गिऱ्हाइकांशी आमच्या ऑफिसातल्यांचं रोज बोलणं असतं. बोटीत माल चढला त्या दिवशीचा कर वेगळा आणि उतरला त्या दिवशीचा वेगळा, ही त्यांची कायमची धास्ती.

दुसरा घोळ सालांचा. पाकिस्तानच्या पिठाचा जो भाव तिथे आहे तो २०२३ मधला दिसतोय, त्या मे महिन्यात तिथली महागाई ३८ टक्क्यांवर गेली होती. श्रीलंकेचं २०२२ तर विचारूच नका, सप्टेंबरात खाण्यापिण्याच्या वस्तू वर्षभरापूर्वीपेक्षा जवळजवळ दुप्पट झाल्या होत्या. ते हाल खरे होते, कुणी हसू नये असे. पण त्या वेळचे त्यांचे भाव आणि आजचे आपले भाव शेजारी ठेवून कुणी जिंकत नाही. पाकिस्तानात पुढच्याच वर्षी काय झालं ते सांगते. गहू बाहेरून अति मागवून ठेवला होता, त्यात पीक जोरदार आलं, आणि पंजाब सरकारने हमीभावाने खरेदी करायचं टाळलं. पीठ स्वस्त झालं, शहरातले खूश, आणि शेतकरी लाहोरच्या रस्त्यावर. वाचताना तुमचाच चेहरा समोर आला.

टोमॅटोच्या ओळीतही आपणच स्वस्त! २०२३ चा पावसाळा आठवा. आमच्या सेक्टरमधल्या भाजीवाल्याकडे टोमॅटो दीडशेच्या पुढे गेला होता. मी आमटीत चिंच घालत होते आणि तुमचे जावई निमूट जेवत होते. त्याच दिवसांत उत्तराखंडात पिथौरागडकडची माणसं काली नदीवरचा पूल ओलांडून नेपाळच्या दार्चुल्यात टोमॅटो आणायला जात होती. १० ऑगस्टला अर्थमंत्री सीतारामन यांनी लोकसभेत सांगितलं की नेपाळहून टोमॅटो आयात करतोय. एरवी उलटं चालतं. नेपाळातल्या वीरगंजची माणसं किराणा भरायला सीमेच्या अलीकडे, बिहारच्या रक्सौलला येतात. ते इतकं वाढलं की नेपाळने त्याच वर्षी शंभर नेपाळी रुपयांच्या वरच्या सामानावर जकात घ्यायचा नियम कडक केला. शंभर म्हणजे आपले साडेबासष्ट. आईची भाजीची पिशवीसुद्धा अडली असती.

आई, तुझा प्रश्न तेलाचा. तेल का उतरत नाही? आपल्याला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. पाम इंडोनेशिया-मलेशियाचं, सोयाबीन अर्जेंटिना-ब्राझीलचं, सूर्यफूल रशिया-युक्रेनचं. गेल्या वर्षी १४ सप्टेंबरला, ऐन सणाच्या तोंडावर, त्याच्यावरचं आयात शुल्क वाढवलं. कच्च्या, म्हणजे शुद्ध न केलेल्या खाद्यतेलावर सगळं मिळून साडेपाच टक्के होतं ते साडेसत्तावीस झालं. हेतू चांगला होता, आपल्या सोयाबीनवाल्यांना भाव मिळावा. यंदा मेअखेर कच्च्या तेलावरचं साडेसोळापर्यंत खाली आणलं. आता यातली गंमत बघ. दक्षिण आशियातल्या देशांच्या करारामुळे नेपाळहून येणाऱ्या मालाला आपल्याकडे शुल्क नाही. नेपाळात सोयाबीन पिकतं किती? नावाला. पण तिथले कारखाने अर्जेंटिनाहून कच्चं तेल मागवतात, शुद्ध करतात आणि पिंप भरभरून आपल्याकडे विकतात. जे तेल मुंबईच्या बंदरात उतरून आपल्यापर्यंत यायचं, ते हिमालयाच्या पायथ्याला वळसा घालून येतं आणि तरी स्वस्त पडतं. एवढं पाहिल्यावर 'अमक्या देशात तेल स्वस्त' या वाक्याला मी फार भाव देत नाही.

खरं मोजमाप तुम्हीच मला शिकवलंय बाबा. मजुरांचा हिशोब करताना तुम्ही म्हणायचात, दिवसाचे पैसे सांगू नका, त्यात धान्य किती येतं ते सांगा. त्याच मापाने २०१९ बघू. त्या वर्षी २९ सप्टेंबरला आपल्याकडून कांदा बाहेर जाणं बंद झालं. आठवड्याभरात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या आणि भर बैठकीत हिंदीत म्हणाल्या, मी स्वयंपाक्याला सांगितलंय, आता कांद्याशिवाय कर. हशा पिकला. पण नोव्हेंबरात ढाक्यात कांदा किलोला २०० टक्यांच्या वर गेला, विमानाने आणावा लागला. तेव्हा तिथल्या कपडे शिवणाऱ्या कामगाराचा किमान पगार महिना ८,००० टका होता. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर दिवसाला तीनशेच्या आसपास. दिवसभर मशीन चालवून दीड किलो कांदा. आणि आपल्याकडे? मुंबईत तेव्हा कांदा शंभरीला टेकला होता आणि महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी होती २०६ रुपये. दोन किलो. तक्त्यात हाच फरक दुपटीचा दिसला असता. मजुराच्या घरात तो अर्ध्या किलोचा आहे.

आता भांडण. तक्त्यात कांद्याच्या ओळीत आपल्या नावापुढे हिरवी खूण आहे, 'सर्वांत स्वस्त'. ती ओळ तुम्ही, बाबा, पारावर मोठ्याने वाचलीत?

२०२३ घ्या. फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने पाच क्विंटलच्या वर कांदा विकला आणि हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता हातात दोन रुपयांचा चेक आला. ती बातमी तुम्हीच मला फोनवर वाचून दाखवली होतीत. पुढच्याच महिन्यात बांगलादेशने, तिथल्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून, आपल्या कांद्याचे आयात परवाने थांबवले. जूनच्या सुरुवातीपर्यंत ते बंद होते. तिथला भाव शंभर टक्यांकडे चढला, आपला मातीत. मग ऑगस्टमध्ये आपल्या बाजूने निर्यातीवर ४० टक्के शुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला किमान ८०० डॉलरची अट, आणि ८ डिसेंबरला थेट बंदी. त्या दिवशी ऑफिसात सकाळपासून फोन थांबत नव्हते. न्हावाशेव्याला भरलेले कंटेनर अडकले, बांगलादेशच्या सीमेवर ट्रकांच्या रांगा. ढाक्यात एका रात्रीत कांदा २०० टक्यांच्या वर. आणि लासलगावात दहा-बारा दिवसांत भाव निम्म्यावर. कांदा तोच, उपटला तोही त्याच आठवड्यात. तुमचा लाल कांदा त्याच वेळी निघाला होता. तुम्ही फोनवर "ठीक गेला" एवढंच म्हणालात आणि आईने नंतर खरा आकडा सांगितला.

बंदी उठली ४ मे २०२४ ला, तीही ४० टक्के शुल्क ठेवून. शुल्क पुरतं गेलं ते या १ एप्रिलला. मधल्या काळात कोलंबो आणि ढाक्याच्या व्यापाऱ्यांनी पाकिस्तान, चीन, तुर्कस्तान सगळीकडे माणसं जोडली. आमच्या ऑफिसातले म्हणतात गिऱ्हाईक परत येईल. येईलही. पण एकदा दुसऱ्या दारात जायची सवय लागली की ते आधी तिथला भाव विचारतं, मग आपला.

म्हणून म्हणते, ती हिरवी खूण आपल्या कांदा साठवायच्या चाळीतून, तुमच्या तोट्यातून आली आहे. मी खाते तो कांदा स्वस्त असावा हे मला हवंच आहे, महिन्याचं किराणाबिल मीही भरते. काल इथे किरकोळीत तीस रुपये किलो घेतला. तुम्हाला लासलगावात चौदा-पंधरा मिळतायत, त्यातून चाळीतली घट, सड, कोंब आलेले आणि गोल्टी, म्हणजे बारीक कांदे, बाजूला काढायची मजुरी. ढाक्याची बाई आणि मी, दोघी महाग-स्वस्त म्हणतो ते दुकानातल्या भावाला. तुमचा भाव त्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात नाही. पारावर पुन्हा वाचायचाच असेल तर तेवढा एक रकाना पेनाने आखून घ्या, आणि त्यात आपल्या पट्टीवरचे, म्हणजे बाजारातल्या विक्रीच्या पावतीवरचे आकडे लिहा. पट्ट्या आईच्या ट्रंकेत आहेत, खोटं बोलून चालणार नाही.

परवा सुट्टी होती म्हणून तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात गेले होते, आपल्याकडचा माल कसा येतोय बघायला. हमालाने गोणी उतरवली की आडत्याचा माणूस शिवण उसवतो, दोन-चार कांदे हातात घेऊन अंगठ्याने मान दाबून बघतो. मान मऊ लागली की तिथल्या तिथे भाव दोन रुपयांनी खाली. या वर्षी मे महिन्यातच पाऊस झाला ना, मऊ मानेचा माल खूप दिसला. तिथले सगळे बांगलादेशचे परवाने कधी उघडतात याकडे डोळे लावून बसलेत. उघडले तर पंधरा दिवस बरे जातील. पण त्या आशेवर सगळी चाळ ठेवू नका. जो कांदा दक्षिणेकडच्या कप्प्यात आहे, जिथे झड आत आली होती, तो आधी निवडून काढा आणि विकून टाका. चांगला कडक माल अर्धा ठेवा. हे मी लांबून सांगते आहे, हात लावून तुम्हीच ठरवा.

गाडी भरायला तुम्ही स्वतः उभे राहू नका, बाबा. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते मामांनाही ठाऊक आहे आणि मी त्यांना लक्ष ठेवायला सांगितलंय.

आई, शेवग्याच्या शेंगा पाठवू नकोस, इथे मिळतात आणि मामा बिचारे किती ओझं आणतील. लसूण मात्र घरचा दे. गुडघ्याला लावायचं तेल मामांच्या पिशवीत वेगळं बांधून दिलंय, ते स्वयंपाकाच्या तेलाशेजारी ठेवू नकोस, वास लागतो. गणपतीला आम्ही दोन दिवस आधी येतोय. खोबरं आणि गूळ इथल्या मसाला मार्केटमधून आणते, तू तिथे घेऊ नकोस, फरक पडतो. आणि तिथला भाव मला सांगून भांडू नकोस, या बाबतीत मी तुझं ऐकणार नाही.

तुमची लाडकी,
सुमन

ता. क. बाबा, तक्ता गटावर पुढे पाठवलाच असेल तर त्याखाली एवढं तरी लिहा की पाकिस्तान आणि श्रीलंकेचे रुपये आपले नव्हेत.