स्वयंपाकघर आता बाबांकडे

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न.

आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता डॉक्टर हो म्हणेपर्यंत तिने गॅसपाशी जायचं नाही. वाफ नको, धूर नको, फोडणी तर नकोच. डब्यातलं जेवण दोघांनाही जात नाही, हे फोनवरच्या आवाजावरून कळतं. म्हणून सूप लिहून पाठवतेय. आई, रागावू नकोस, हे तुझ्यासाठी नाहीच. बाबा करणार आहेत. तू दारात खुर्ची टाकून बस आणि शक्यतो बोलू नकोस.

बाबा, सूप म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर लग्नातलं कॉर्नफ्लॉवर घातलेलं लालभडक पाणी येतं. हे तसलं नाही. यात भाज्या उकडायच्या नाहीत, भाजायच्या. भरताचं वांगं उकडून घेतलं असतं तर तुम्ही ताटाला हात तरी लावला असता का? पाण्यात भाजी १०० अंशांच्या वर जात नाही. ओव्हनमध्ये मात्र कडा कोरड्या पडून तापतात, तांबूस होतात आणि खमंगपणा तिथून येतो. जन्मभर केमिस्ट्री शिकवलीत, मायार अभिक्रिया तुम्हाला मी काय सांगणार!

सकाळी फिरून येताना केशवसुत पुलाजवळून अर्धा किलो लाल भोपळा घ्या. कापलेली फोड घेताना गर घट्ट आहे ना, बघा. बिया सुटून लिबलिबीत झालेली नको. दोन गाजरं, तीन लाल टोमॅटो, एक मोठा कांदा आणि लसणाचा अख्खा गड्डा. वाटाणा, फ्लॉवर, बटाटा असलं काही आई सुचवेल, ऐकू नका.

माळ्यावरचा नानकटाईचा ओव्हन सोसायटीच्या वॉचमनला सांगून काढून घ्या, स्वतः स्टुलावर चढू नका. २०० अंशांवर दहा मिनिटं आधी तापवा. भोपळा-गाजराच्या इंचभर फोडी, टोमॅटो अर्धे, कांद्याचे चार तुकडे. लसूण सोलायचा नाही. चमचाभर तेल, चिमूटभर हळद आणि भरड कुटलेला मसाला चोळा: एक चमचा धने, अर्धा चमचा जिरे, पाच-सहा मिरे, दालचिनीचा नखाएवढा तुकडा. मसाला खलबत्त्यातच कुटा, तयार पूड ट्रेमध्ये करपून कडू होते. फोडी एकमेकींवर रचू नका. ट्रेमध्ये दाटी झाली की त्या स्वतःच्याच वाफेत शिजतात, मग एवढा खटाटोप कशाला? मावलं नाही तर दोनदा भाजा. साधारण ३५-४० मिनिटं लागतील, मध्ये एकदा उलटा. भोपळ्याच्या कडांना काळपट ठिपके आले आणि सुरी अलगद आत गेली, की झालं.

आता खरी गंमत. ट्रेच्या तळाला जे चिकटतं, ते घासून सिंकमध्ये टाकू नका. कपभर गरम पाणी ओता आणि लाकडी उलथन्याने खरवडा. ते तपकिरी पाणी सुपात गेलंच पाहिजे, अर्धी चव त्यातच असते. लसूण सालीतून पिळून काढा, लोण्यासारखा येतो.

मिक्सर लावण्याआधी सगळं पूर्ण गार करा. बाबा, हे गंभीरपणे सांगतेय. गरम लावलं तर वाफेने झाकण उडतं. वाटून झाल्यावर लागेल तसं पाणी घालून एक उकळी काढा. चमचाभर साजूक तूप सोडा, भोपळ्यातलं कॅरोटीन स्निग्धाबरोबरच नीट अंगी लागतं. म्हणजे आईने तूप वगळायचं नाही.

मीठ अगदी शेवटी, चाखून. भाजल्याने भाज्यांची चव आटून दाट होते, नेहमीपेक्षा कमीच लागतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, म्हणजे जेमतेम चहाचा चमचा, आणि त्यात तुमची पापड-लोणचीही आली! अळणी वाटलं तर वर लिंबू पिळा. सोबत मऊ भाकरी नाहीतर कोपऱ्यावरच्या बेकरीतला कडक पाव. सूप एकट्याने पोट भरणारं नाही, थोडं मुगाचं वरण मिसळलंत तरी चालेल.

उरलेलं फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतं. रविवारी मी मुलुंडहून येईन तेव्हा ताजं करा, शिळं नको. आणि आईच्या डोळ्यातले थेंब चुकवू नका.

तुमची,
मनू