यात आई कुठंय?

चि. रेवास,
अनेक आशीर्वाद.

संग्रहालयाच्या दालनातली माणसाच्या उत्क्रांतीची ती जुनी रांग काल काढली. तीच, एका टोकाला वाकलेलं माकड आणि दुसऱ्या टोकाला भाला घेतलेला ताठ पुरुष. सात वर्षांची असताना तिच्यासमोर उभी राहून तू विचारलं होतंस, "यात आई कुठंय?" मी तेव्हा हसण्यावारी नेलं. नवं दालन करायला घेतलं आणि पहिल्यांदा तेच आठवलं.

आई नसणं हा काही त्या रांगेचा एकच दोष नव्हे. ती बघून लोकांना वाटतं, चिंपांझीचाच पुढे माणूस झाला. मग "चिंपांझी अजून उरले कसे?" हा प्रश्न ठरलेला. अगं, ते आपली चुलत भावंडं. दोघांचा सामाईक पूर्वज साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीचा. माणसाच्याही अनेक जाती एकाच काळात नांदत होत्या. निअँडरथल सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीपर्यंत होते, त्यांचा थोडा डीएनए आजही अनेकांच्या अंगात आहे. हे सगळं एका रांगेत कुठे बसवायचं?

रांगेच्या जागी आता पावलांचे ठसे आहेत. टांझानियात लेटोली इथे १९७८ साली संशोधक मेरी लीकी यांच्या चमूला सापडले, त्यांची प्रतिकृती. ज्वालामुखीची राख पडली, पावसाने ती भिजली आणि तिच्यावरून कुणीतरी दोन पायांवर चालत गेलं, ३६ लाख वर्षांपूर्वी. अंगठा बघशील तर चिंपांझीसारखा बाजूला फाकलेला नाही, बोटांच्या ओळीत आहे. मी त्यावरून बोट फिरवत बसते.

मोठ्या पावलांशेजारी लहान पावलं आहेत. आमच्या शिल्पकाराला तिथे हातात हात घेतलेले दोन पुतळे हवे होते. खोटं कशाला सांगू, मलाही मोह झाला. आई आणि मुलगी, तुझ्या प्रश्नाचं उत्तरच! पण लहान पाऊल म्हणजे मूलच, असं कुठंय? बहुधा त्याच जातीची असलेली ल्युसी, जिचा सांगाडा इथिओपियात सापडला, पूर्ण वाढलेली होती, तरी जेमतेम साडेतीन फुटांची. आणि कातडीचा रंग, अंगावरचे केस, डोळ्यांतलं पांढरं, यातलं हाडं काहीच सांगत नाहीत. पुतळे रद्द केले. शिल्पकार अजून रुसलाय.

तुझ्याकडे एक काम आहे. शेजारी आजच्या माणसाचा ठसा ठेवायचाय. ओल्या वाळूत चालायचं, मग आम्ही प्लास्टर ओतू. माझ्या टाचा भेगाळलेल्या, ठसा धड उमटत नाही. सुट्टीला आलीस की चार पावलं चाल. नेहमीसारखी चाल हं, फोटो काढताना चालतेस तशी नको.

तुझी,
आई