विषय: टँकमध्ये चार एप्टेशियांचे (तणासारखे पसरणारे छोटे ॲनिमोन, म्हणजे समुद्रफूल) साठ झाले त्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

माझ्या २०० लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकची देखभाल वर्षभरापासून तुमच्याकडे आहे. महिन्याचे पैसे मी पाच तारखेच्या आत भरतो. टँकमध्ये क्लाउनफिशची जोडी, एक गोबी आणि काही गोगलगायी, बस्स. प्रवाळ आपल्याकडे कायद्याने संरक्षित असल्याने त्या वाटेला मी जात नाही.

जूनमध्ये तुमच्या माणसाने दुकानातल्या चालू टँकमध्ये मुरवलेले सिरॅमिकचे चार ठोकळे आणून माझ्या टँकमध्ये ठेवले. पंधरवड्यात एका ठोकळ्याच्या खाचेतून चार तपकिरी, काचेसारखी पारदर्शक फुलं डोकावू लागली. इंचभरही नव्हती. लांब देठ, टोकाकडे निमुळते होत गेलेले बारीक तंतू, आणि काडी लावली की भोकात गडप. फोटो पाठवला तर व्हॉट्सॲपवर उत्तर आलं: 'सर, बेबी ॲनिमोन आहे. लकी आहात, क्लाउनफिश त्यात राहील.' वर अंगठा.

तो एप्टेशिया होता. माझे क्लाउनफिश आजतागायत त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. माजानो हे दुसरं उपद्रवी ॲनिमोन असतं तर गल्लत मी समजून घेतली असती, कारण त्याचे आखूड, टोकाशी फुगीर तंतू पाहून बबलटिपचं, म्हणजे क्लाउनफिश ज्यात राहतो त्या ॲनिमोनचं, पिल्लू वाटू शकतं. पण हा व्यवसाय करणाऱ्याला एप्टेशिया ओळखू येऊ नये?

खरं नुकसान पुढे झालं. पुढच्या फेरीत मी नाव घेऊन सांगितल्यावर तुमचा माणूस म्हणाला, 'काढून टाकतो की!' मी त्याच्यासाठीच चहा टाकायला आत गेलो. बाहेर येतो तर वेव्हमेकर (पाणी घुसळणारा पंप) चालू, हातात प्लॅस्टिकची पट्टी आणि पाण्यात तपकिरी चिंध्या तरंगताहेत. एप्टेशियाच्या तळव्याचा बारीकसा तुकडा मागे राहिला तरी त्यातून नवा उगवतो. त्यामुळे खरवडणं म्हणजे पेरणीच. तीन आठवड्यांनी मागच्या काचेवरच २३ मोजले, सगळे मिळून साठच्या वर. एक तर पंपाच्या तोंडाशी बसलाय.

उपाय म्हणून मी एप्टेशिया खाणारी पेपरमिंट कोळंबी मागवली. आली ती पाठीला कुबड, मोठे डोळे, लाल अंगावर पांढऱ्या रेघा अशी कॅमल कोळंबी. पेपरमिंटचं अंग जवळजवळ पारदर्शक असतं आणि त्यावर लाल रेघा असतात. कॅमलच्या भरवशावर एप्टेशिया जात नाही. बिलावर मात्र 'पेपरमिंट ४ नग' लिहिलंय.

शेवटी रात्री जागून मीच कामाला लागलो. पंप बंद करून बिनसुईच्या सिरिंजने कॅल्शियम हायड्रॉक्साइडची दाट पेस्ट एकेकाच्या तोंडावर सोडली. पानाला लावतात तो चुना हाच, फक्त शुद्ध. तो एप्टेशियाला लावायचा होता, आधी लागला मला. चुन्याने पाण्याचा पीएच चढतो, म्हणून एका रात्री पाच-सहाच. आतापर्यंत १७ गेले. खोल भोकांतले अजून आहेत.

तेव्हा ते चारही ठोकळे घेऊन जा आणि उन्हात कडकडीत वाळवल्याशिवाय कोणाच्याही टँकमध्ये घालू नका. कॅमल कोळंबी परत घेऊन खरी पेपरमिंट द्या. जून-जुलैचं देखभाल शुल्क परत करा. आणि पट्टीवाल्याला माझ्याकडे पाठवू नका. मुलगा स्वभावाने चांगला आहे, त्याला कोणी शिकवलेलंच नाही.

१५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ क्रमांकावर, तक्रार नोंदवेन आणि तिथेही निभावलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपला ग्राहक,
ठाणे

सोबत: बिलाची प्रत, चॅटचे स्क्रीनशॉट, मागच्या काचेचे फोटो