आईला कुणी अडवलं नव्हतं

लेस्टर, रविवार

ती. बाबा आणि आईस,
सप्रेम जयभीम.

खोकला पूर्ण बरा आहे, आधी तेच सांगते. व्हिडिओत चेहरा उतरलेला दिसला तो इथल्या पिवळ्या दिव्यामुळे. जेवते नीट. आईनं दिलेलं तिखट संपत आलंय, यावरूनच समजा.

इथल्या डॉक्टरची रीत सांगायची राहिली. बरं नाही म्हणून जाऊन बाकावर बसलो, असं चालत नाही. सकाळी बरोब्बर आठला फोन लावायचा. आठ-पाचला लावला तर त्या दिवसाचे नंबर संपलेले! दोन दिवस माझे असेच गेले. तिसऱ्या दिवशी सात एकोणसाठपासून फोन हातात धरून बसले, तेव्हा लागला. तपासून झाल्यावर मी पर्स उघडून उभी, आणि काउंटरवरच्या बाईंना कळेना की मी थांबलेय कशाला. पैसे द्यायचेच नसतात. फुकट नाही बरं का बाबा, व्हिसाच्या वेळी इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी वर्षाचे 776 पौंड भरलेच आहेत. पण डॉक्टरकडे जाताना खिसा चाचपावा लागत नाही. 1948 पासून असं आहे.

तुम्ही विचारलंत, असलं राजकीय तत्त्वज्ञान शिकून होणार काय. याच गावात 1881 साली टी. एच. ग्रीन या प्राध्यापकांनी भाषण दिलं होतं. तेव्हा कितीतरी उदारमतवादी म्हणत, मालक-मजूर आपसात करार करतात, सरकारनं मध्ये पडू नये. ग्रीन म्हणाले, नुसतं कुणी न अडवणं म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. काही करण्याजोगं करायची ताकद माणसात हवी, आणि त्या वाटेतले अडथळे सरकारनं काढावेत. कारखान्यांचे कायदे, मुलांची शाळा, ही त्यांची उदाहरणं.

वाचताना मला आई दिसली. काटोलहून नागपूरला कॉलेजात जायला तिला कुणी नाही म्हटलं नव्हतं, आजोबांनीसुद्धा नाही. पण बसचं भाडं नव्हतं आणि मुलींच्या होस्टेलचं कुणाला ठाऊक नव्हतं. दहावीची मार्कशीट अजून पत्र्याच्या पेटीत, साड्यांखाली आहे. मला होस्टेल मिळालं, सरकारी शिष्यवृत्ती मिळाली, म्हणून मी इथे. बाबासाहेबही 1913 ला बडोद्याच्या शिष्यवृत्तीवरच अमेरिकेला गेले. आई हुशारीत माझ्याहून कमी नव्हती.

दुसरी बाजूही आहे. आयझाया बर्लिन या तत्त्वज्ञांनी 1958 साली बजावलं, की ‘तुझं खरं भलं आम्हाला कळतं’ म्हणत सत्ता माणसाचं तोंड बंद करू शकते. ते मला पटतं. तरी मी ग्रीनच्या बाजूची.

शिष्यवृत्तीचा हप्ता उशिरा आला, पण आला. महिनाअखेर कामाच्या पैशातून तीस हजार पाठवते. गुडघ्याचा एमआरआय लांबवू नका. सरकारी मेडिकल हॉस्पिटलला तारीख उशिराची असेल तर बाहेर करा. अशा वेळी मी तिथं हवी होते.

अमरावतीच्या स्थळाचं. मुलगा चांगलाच असेल. जबरदस्ती नाही म्हणता, ते खरंच आहे. पण दर रविवारी फोनवर आईचा आवाज पडतो आणि माझ्या तोंडून नाही निघत नाही. सप्टेंबरात प्रबंध द्यायचाय, तोवर त्यांना थांबायला सांगाल का? शब्द टाकणं तुम्हाला जड जाईल, कळतं मला.

आई, माळ्यावर चढू नकोस.

तुमची,
सोनू